ब्रेक दाबला की पुढे उजेड

"माझ्या पाठीमागे काय चाललंय ते मलाच दिसत नाही, आणि सगळे जाब विचारतात मलाच," आत्या पुटपुटली. हे तिनं गाडीला ऐकवलं होतं. गाडी गप्प राहिली.

टाचणीला मात्र शब्द न् शब्द ऐकू आला. मागच्या सीटवर बँडेजची दोन खोकी आणि एक घडीची व्हीलचेअर यांच्यामध्ये जी फट उरली होती, तिच्यात ती पुस्तक घेऊन बसली होती. त्या फटीत मावणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. तिचं नाव काही उगाच टाचणी पडलं नव्हतं.

"काय झालं आत्या?"

आत्या सीटवरून उडालीच. "तू इथे कधीपासून आहेस?"

"तू गाडीला 'भवाने' म्हणालीस त्याच्या आधीपासून."

आत्या नर्स होती. दवाखान्यात बसणारी नव्हे, घरोघर जाणारी. कुणाच्या जखमेचं ड्रेसिंग, कुणाला इंजेक्शन, कुणाची नुसती विचारपूस. अकरा घरं होती तिची, आणि अकराही घरी तिच्या हॉर्नची वाट बघितली जायची. पण गेले तीन आठवडे गाडीच्या मागच्या दिव्यांनी खेळ मांडला होता. कधी लागायचे, कधी नाही. ट्रॅफिक पोलिसानं दोनदा अडवलं. काल तर कहर झाला. आत्यानं सिग्नलला ब्रेक दाबला आणि मागून येणारी पावाची व्हॅन किंचाळत येऊन वीतभर अंतरावर थांबली. ड्रायव्हर पांढराफटक पडला होता. म्हणाला, "बाई, तुम्ही थांबताय हे कळणार कसं? दिवाच लागत नाही तुमचा."

"मिस्त्रीकडे नेलीस ना?" टाचणीनं विचारलं.

"तीनदा. तो डिकी उघडतो, बल्ब बघतो, मला ब्रेक दाबायला सांगतो. सगळे दिवे लख्ख. मग माझ्याकडे असा बघतो, जसं काही मीच जरा आराम करायला हवा." आत्यानं किल्ली पर्समध्ये टाकली. "आज चारला आरोग्य केंद्राची गाडी-तपासणी आहे. दिवे लागले नाहीत तर माझी अकरा घरं दुसरीकडे जाणार आणि मी केंद्राच्या काउंटरवर चिठ्ठ्या फाडत बसणार. जाऊ दे. जवळची दोन घरं पायी करून येते. तू उतर आता, नाहीतर व्हीलचेअरबरोबर तुलाही कुणाच्या तरी घरी सोडून येईन."

ती गेली. टाचणी फटीतून बाहेर आली, तिनं पुस्तक मिटलं आणि थेट माणसं गोळा करायला गेली.

माणसं म्हणजे दोनच. एक तिचा धाकटा भाऊ भोपू, वय नऊ, आवाज कारखान्याच्या भोंग्याएवढा. दुसरा आत्याचा मुलगा, ज्याला सगळे वकील म्हणायचे, कारण "जेवायला चल" एवढ्या वाक्यावरही तो दोन हरकती घ्यायचा. घर एकच होतं. खालच्या मजल्यावर आत्या, वकील आणि आजोबा, वरच्या मजल्यावर टाचणीचं बिऱ्हाड. सुट्टीचे दिवस, त्यामुळे खाली-वर कुणी कुठेही सापडायचं.

"गाडी मोठ्यांची, मिस्त्री मोठा, तपासणी मोठ्यांची," वकील म्हणाला. "आपला संबंध काय?"

"काल तुझी आई थोडक्यात वाचली, हा संबंध."

वकिलानं पुढची हरकत गिळली आणि चपला घातल्या.

गाडी घरामागच्या शेडमध्ये उभी होती. टाचणीनं वहीत दोन रकाने आखले. वकील ड्रायव्हरच्या जागी बसला. किल्ली नव्हती, पण ब्रेकच्या दिव्याला किल्ली लागत नाही, हे आजोबांनी कधीतरी सांगितलेलं तिला आठवत होतं. भोपू गाडीच्या मागे उभा राहिला.

"डिकी उघडी. दाब."

"लागला," भोपू ओरडला. शेजारच्या छपरावरचं मांजर उठून निघून गेलं.

"हळू बोल. दाब."

"लागला."

दहा वेळा दाबला, दहा वेळा लागला. वकील आतून म्हणाला, "मिस्त्री बरोबर आहे. खटला निकाली."

"डिकी लाव," टाचणी म्हणाली.

भोपूनं दोन्ही हातांनी डिकीचं दार खाली ओढून आपटलं. या गाडीचे मागचे सगळे दिवे त्या दारावरच बसवलेले होते, त्यामुळे दारासोबत दिवेही खाली आले.

"दाब."

"लागला."

"दाब."

भोपू काही बोलला नाही.

"भोपू, झोपलास का?"

"तूच म्हणालीस हळू बोल. नाही लागला."

दार बंद असताना दहापैकी सहा वेळा दिवा लागला नाही. मग पुन्हा उघडून दहा वेळा पाहिलं, सगळे लागले. टाचणी आकड्यांकडे बघत राहिली. मिस्त्री प्रत्येक वेळी आधी डिकी उघडायचा. बल्ब बघायला ती उघडावीच लागते. रस्त्यावर मात्र आत्या डिकी बंद करूनच गाडी चालवणार. म्हणजे मिस्त्री तीन वेळा जी गाडी तपासून बसला होता, ती रस्त्यावर धावणारी गाडी नव्हतीच.

"दार बंद झालं की काहीतरी सुटतं," ती म्हणाली. "पण काय?"

"बल्ब सैल असेल," वकील म्हणाला.

"सगळे एकदम सैल होतील? शटर ओढ. अंधारात नीट दिसेल."

शटर खाली आलं. शेडमध्ये संध्याकाळ झाल्यासारखं झालं. वकील मुकाट्यानं ब्रेक दाबत बसला, टाचणी मागे वाकून बघत होती, आणि भोपूला कंटाळा आला. कंटाळलेला भोपू एका जागी थांबत नसे. तो गाडीला फेरी मारून पुढे गेला.

"ताई, पुढचे दिवे लागलेत."

"पुढचे कसे लागतील? बटण बंद आहे."

"मग मी खोटं बोलतोय. ये आणि बघ."

टाचणी पुढे आली. हेडलाइटच्या शेजारी जे छोटे दिवे असतात, ते खरंच लागले होते. पूर्ण नाहीत, तेल संपत आलेल्या वातीसारखे, लालसर आणि दमलेले.

"वकिला, पाय काढ."

दिवे गेले.

"दाब."

दिवे आले.

वकील दार उघडून स्वतः बघायला उतरला. मग पाय काढल्यावर दिवे जाणारच हे लक्षात येऊन पुन्हा आत बसला आणि भोपूला ब्रेकवर बसवून दुसऱ्यांदा बाहेर आला. "ब्रेक दाबला तर मागे अंधार आणि पुढे उजेड," तो म्हणाला. "या गाडीला दिशांचं ज्ञान नाही."

टाचणी हसली नाही. तिला आजोबा आठवत होते. आजोबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पन्नास वर्षं. दुकान बंद झाल्यावरही मुलांना समोर बसवून ते कागदावर गोल काढायचे. म्हणायचे, "वीज म्हणजे येऊन बसणारा पाहुणा नव्हे. ती जेवढी येते तेवढी परत जाते. परतीची वाट बंद झाली तर ती अडून बसत नाही, शेजाऱ्याच्या अंगणातून निघते."

"शेजाऱ्याचं अंगण," टाचणी मोठ्यानं म्हणाली. "मागच्या दिव्यांकडे वीज जातेय, पण तिथून परत यायची वाट तुटलीय. म्हणून ती भलत्याच वायरीनं पुढे येते आणि या छोट्या दिव्यांमधून घरी जाते. लांबची वाट, म्हणून दमलेली."

"परतीची वायर कुठली?"

"काळी. सगळ्या दिव्यांची मिळून एक. आणि दार बंद केल्यावर ती वाकते कुठे?"

तिघं मागे धावले, डिकी उघडली आणि एकदम वर बघितलं. गाडीचं छत आणि डिकीचं दार यांच्यामध्ये हत्तीच्या सोंडेसारखी एक रबरी नळी होती. दाराकडे जाणाऱ्या सगळ्या वायरी त्या नळीतून जात होत्या. दार उघडलं की सोंड ताणली जायची, बंद केलं की मुरडली जायची. दिवसातून वीस वेळा.

वकिलानं नखांनी सोंडेचं टोक छतातून सोडवलं. टाचणीनं रबर हळूच मागे सरकवलं. पाच-सहा रंगीत वायरी, आणि त्यांच्यात एक काळी. काळीवर, बरोबर मुरड पडायच्या जागी, एक सांधा होता. सांध्याच्या शेजारी एक पिवळी नळी.

भोपूनं उघडलेलं तोंड मिटलं. 

पिवळी नळी म्हणजे आजोबा. आयुष्यात त्यांनी जोडलेल्या प्रत्येक तारेवर अशी बारीक पिवळी नळी असायची. गावभरच्या रेडिओंमध्ये होती ती. मिस्त्री लोक झाकण उघडून नळी बघायचे आणि म्हणायचे, हे काम पुन्हा बघायला नको. टाचणीनं त्यांचे सांधे लहानपणापासून पाहिले होते, वेणीसारखे एकसारखे, वर सोल्डरचा, म्हणजे तारा पक्क्या करणाऱ्या वितळलेल्या धातूचा, चकचकीत थेंब.

हा सांधा तसा नव्हता. तांब्याच्या निम्म्या तारा बाहेर विस्कटलेल्या होत्या, झोपेतून उठलेल्या केसांसारख्या. उरलेल्या नुसत्या एकमेकींना टेकल्या होत्या. नळी सांध्यावर नव्हती, बाजूला सरकली होती. आणि सोल्डरचा थेंब होता, चांगला मोठा, गोल, पण सांध्यापासून बोटभर लांब, वायरीच्या काळ्या आवरणावर.

"थेंब चुकीच्या जागी पडला," भोपू म्हणाला.

"पडला नाही," वकील हळू म्हणाला. "ठेवलाय. त्यांना वाटलं, सांधा तिथे आहे."

आता इथे घरातली एक पद्धत सांगायला हवी. ही पद्धत कुणी ठरवली नव्हती, तरी सगळे पाळायचे. गेल्या वर्षापासून आजोबांनी काही दुरुस्त केलं की सगळे म्हणायचे, "वा, मस्त झालं." आणि दुसऱ्या दिवशी, आजोबा फिरायला गेले की, कुणीतरी ती वस्तू गुपचूप दुकानात नेऊन पुन्हा दुरुस्त करून आणायचं. मिक्सर गेला, इस्त्री गेली. टेबलफॅन टाचणीनं स्वतः चादरीत गुंडाळून नेला होता. वाटेत दोन ओळखीची माणसं भेटली, त्यांना तिनं धुवायची चादर आहे असं सांगितलं. परत आल्यावर याबद्दल कुणी कुणाशी बोलत नसे. तुम्ही कुठे गेला होतात, असं विचारायचं नसे.

"मग हे कसं राहिलं?" टाचणी म्हणाली.

याचं उत्तर शटर वर करून आत आलं. बाबा होते. शेडमधून भोपूचा आवाज येत नाही, याची त्यांना काळजी वाटली होती. त्यांनी सोंड बघितली, पिवळी नळी बघितली आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"ते... डिकीचा दिवा लुकलुकत होता म्हणून अप्पांनी वायर जोडली होती. महिना झाला. मीच स्टूल धरलं होतं." मोठी माणसं आजोबांना अप्पा म्हणायची. "मला वाटलं, नंतर तुझ्या आत्यानं दाखवून घेतलं असेल."

"आईला माहीत असेल तर ना," वकील म्हणाला. "तिला वाटत असणार, केलंच असेल काही अप्पांनी तर दादानं, म्हणजे तुम्ही, बघून घेतलं असेल. म्हणजे सगळ्यांनी गुपचूप करायचं ठरवलं, आणि गुपचूप कुणीच केलं नाही."

 बाबांनी घड्याळ बघितलं. दोन वाजत आले होते. "मिस्त्रीला बोलावतो. अर्ध्या तासात होईल. आणि हे बघा, अप्पांना यातलं काही..."

"काही काय?" मागून आवाज आला.

आजोबा शेडच्या तोंडाशी उभे होते. त्यांच्या पाठोपाठ आत्या होती, हातात औषधांची पेटी. ती दोन घरं उरकून आली होती आणि कोपऱ्यावर तिला आजोबा भेटले होते.

"उंदीर," बाबा पटकन म्हणाले. "उंदरानं वायर कुरतडलीय, अप्पा."

आत्यानं सोंडेकडे एकच नजर टाकली. रोज अकरा घरच्या जखमा बघणाऱ्या बाईला आणखी काही सांगावं लागलं नाही. "हो, हल्ली उंदीर फार झालेत," ती म्हणाली.

"मीच पाहिला परवा," वकील म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं कुणाच्या तरी बाजूनं साक्ष दिली होती.

आजोबा पुढे आले. त्यांनी हात वर केला, सोंड चाचपली, मग एकेक वायर अंगठ्याखालून सरकवत नेली. काळीवर अंगठा थांबला. विस्कटलेल्या तारांवरून फिरला. पिवळ्या नळीवर गेला. मग बोटभर पुढे, त्या थेंबावर. तिथे तो बराच वेळ राहिला.

"उंदीर नळी चढवत नाही," ते म्हणाले.

 बाबांनी स्टूल पाहिलं. आत्यानं पेटीची कडी उघडून पुन्हा लावली.

"यानं बंद पडत होते दिवे?"

"हो," टाचणी म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं. "दार लावलं की सांधा सुटतो. मग वीज शेजाऱ्याच्या अंगणातून जाते."

आजोबांनी मान हलवली, जणू कुणी परक्याच्या गाडीबद्दल सांगत होतं. "कसं ओळखलंत?"

तिनं वही उघडली आणि आकडे वाचून दाखवले. पुढच्या दिव्यांचं भोपूनं सांगितलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. आजोबा मध्येच म्हणाले, "दहापैकी सहा? का दहापैकी पाच?" आणि टाचणीनं पुन्हा मोजून सहाच असल्याचं सांगितलं, तेव्हा म्हणाले, "ठीक." मग म्हणाले, "माझी सामानाची पेटी आण. बॅटरीची वायर काढा आधी. आणि बस तू स्टुलावर."

"मी?"

"तूच शोधलंस ना?"

"अप्पा, मिस्त्री पाच मिनिटांत..." बाबा म्हणाले.

"त्यानं तीनदा पाहिलंय," आजोबा म्हणाले. "आता जरा दुसऱ्यांना बघू दे."

पुढचा पाऊण तास टाचणीच्या मानेत कळा येत होत्या, आणि तिला त्या नंतर आठवल्याही नाहीत. आजोबा तिच्या मागे खुर्चीवर बसून सांगत होते. सांधा वळणावर ठेवायचा नाही, वायर वाढव आणि सांधा छतात घे, तिथे काही हलत नाही. आवरण सोल. तारा मोकळ्या कर, मग एकमेकींत घाल, मग पीळ. नळी आधी चढव, मागाहून चढत नाही, रडायची वेळ येते.

"ताप तांब्याला दे, सोल्डरला नको. तांबं तापलं की सोल्डर आपल्या पायांनी आत जातं."

ते आपल्या पायांनी गेलं नाही. त्याचा गोळा झाला. आजोबांनी गार झाल्यावर नखानं चाचपून बघितलं. "ढेकूळ. काढ."

दुसऱ्यांदाही ढेकूळच झालं. भोपू म्हणाला, "अडीच वाजले," आणि वकिलानं त्याला कोपरानं ढोसलं.

तिसऱ्यांदा टाचणीनं श्वास धरून ठेवला. तारा तापल्या, सोल्डर क्षणभर रुसून बसलं आणि मग एकदम पाण्यासारखं आत पसरलं. आजोबांना धुराचा वास आला असावा, ते आधीच म्हणाले, "आता काढ हात." मग सांधा गार होईपर्यंत थांबले, अंगठा आणि बोट त्याच्यावरून फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"नळी चढव," ते म्हणाले.

टाचणीनं पिवळी नळी सांध्यावर सरकवली. ती तिथेच राहिली.

बॅटरी जोडली. दार आपटून वीस वेळा ब्रेक दाबला, वीस वेळा भोपू ओरडला. पुढचे छोटे दिवे विझलेलेच होते. चार वाजता आत्या केंद्रावर हजर होती, आणि मागच्या फटीत टाचणी.

तपासणीचा माणूस पोट सुटलेला, शांत आणि अतिशय संशयी होता. त्यानं डिकी उघडून ब्रेक दाबायला लावला, मग बंद करून दाबायला लावला, मग गाडीला कमरेनं धक्का देऊन पुन्हा. दिवे लागत राहिले. त्यानं सोंडेचं टोक काढून आत टॉर्च मारला.

"हे कुणाचं काम?"

"घरचंच आहे," आत्या म्हणाली.

"सांधा वळणाच्या बाहेर घेतलाय. आमच्या गॅरेजवाल्यांनाही सुचत नाही हे." त्यानं शिक्का मारला. "ज्यांनी केलं त्यांना माझ्याकडून शाबासकी सांगा."

"ती मागे बसलीय," आत्या म्हणाली. त्या माणसानं खोक्यांमध्ये वाकून बघितलं. तिथून निघाल्यावर आत्यानं वाटेत प्रत्येक सिग्नलला ब्रेक दाबला. लागला नाही म्हणून नाही. लागतो म्हणून.

घरी सगळे खालच्या स्वयंपाकघरात जमले होते. चहा झाला होता, बिस्किटांचा डबा भोपूच्या ताब्यात होता. आत्यानं शिक्का मारलेला कागद टेबलावर ठेवला आणि तपासणीवाल्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, पोटासकट. बाबांनी मुलांच्या पाठी थोपटल्या. वकिलाला साक्षीबद्दल चिडवून झालं. वकील म्हणाला, त्यानं उंदीर खरंच पाहिला होता, फक्त दुसऱ्या घरात.

मग बाबा आजोबांकडे वळले. "पण खरं श्रेय तुमचं हं, अप्पा. तुम्ही होतात म्हणून झालं. बाकी तुमच्या हाताला तोड नाही. तो मिक्सर बघा, तुम्ही हात लावल्यापासून कसा चाललाय. दाराची बेल जरा अडकतेय, रविवारी तेवढी..."

"मिक्सर मी उलटा जोडला होता," आजोबा म्हणाले.

बाबांचा कप अर्ध्यावर थांबला.

"जोडून खोलीत गेलो तेव्हाच शंका आली. सकाळी उठून सरळ करणार होतो. सकाळी बघतो तर झालेला. इस्त्रीचंही तसंच. पंख्याला तर नवा कंडेन्सर आला होता. माझ्याकडे तसला कंडेन्सर कधी नव्हताच."

टाचणीला चादर आठवली आणि तिचे कान तापले.

"तुम्हाला माहीत होतं?" आत्या म्हणाली. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सगळे इतकं छान म्हणायचात. म्हटलं, यांना बरं वाटतंय तर वाटू दे. आपल्या मागे कुणीतरी बघून घेतंय." त्यांनी टेबलावरचा कागद जवळ ओढला, बोटांनी शिक्क्याची कड शोधली आणि तो पुन्हा होता तिथे ठेवला. "काल त्या पावाच्या व्हॅनचं ऐकलं. तेव्हापासून म्हणायचं होतं."

 भोपूनं डब्याचं झाकण हातातच धरून ठेवलं.

"मला दिसत नाही," आजोबा म्हणाले. "वर्ष झालं."